वाळ्याचा बांध

उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा म्हणजे एका बहुवर्षायू गवताची सुगंधी मुळं. ती फारशी आडवी पसरत नाहीत. सरळ खाली, तीन-चार मीटरपर्यंतही जातात. म्हणूनच पावसाने ताण दिला तरी हे गवत तगतं.

१९५०च्या दशकात फिजीमध्ये जॉन ग्रीनफिल्ड यांनी उतारावरच्या उसात माती अडवण्यासाठी वाळ्याच्या ओळी लावल्या. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात आल्यावर त्यांनी रिचर्ड ग्रिमशॉ यांच्यासोबत इथे या पद्धतीचा प्रसार सुरू केला. पण कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी शेताच्या हद्दीवर वाळा फार पूर्वीच लावलेला होता!

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे समपातळी रेषेवर १०-१५ सेंटिमीटरवर लावायचे. ओळ दाट झाली की वाहत्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ मागे साठतो आणि बांध आपोआप उंचावतो. दक्षिण भारतीय वाळ्याला रुजणारं बी सहसा धरत नाही, त्यामुळे त्याचं तण माजत नाही.

मात्र सुगंधासाठी मुळं खणली, तर मोकळी झालेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. तेव्हा माठासाठीचा वाळा बांधावरून उपटू नये.