गोधडीचा काठ : माप मधून, कडेवरून नव्हे

आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी हौसेने शिवली जाते, मध्यभागी ठिगळांची रंगसंगतीही साधते; मात्र पलंगावर अंथरल्यावर कडा लाटांसारख्या वर उचललेल्या दिसतात. दोष बहुधा ठिगळांच्या शिवणीत नसतो, काठाच्या मापात असतो. जुने लुगडे एकदा कापले गेले की त्याला पर्याय नाही. म्हणूनच काठाचे काम शेवटी असले तरी घाईचे नाही.

येथे काठ आणि गोट यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. ठिगळे जोडून तयार झालेल्या वरच्या थराभोवती जोडली जाणारी रुंद पट्टी म्हणजे काठ. सर्व थर एकत्र टाचून झाल्यावर कडा बंद करण्यासाठी दुमडून शिवली जाणारी अरुंद पट्टी म्हणजे गोट. गोधडीचा सपाटपणा मुख्यतः काठावर अवलंबून असतो.

सर्वसाधारण पद्धत अशी, की लांब पट्टी घ्यायची, एका कोपऱ्यापासून शिवत जायचे आणि उरलेला भाग कापून टाकायचा. सोपी वाटणारी हीच पद्धत घात करते. हाताळणीत आणि इस्त्रीत कापडाच्या मोकळ्या कडा सैल पडतात. ठिगळे तिरपी, म्हणजे उरेब कापलेली असतील तर अधिकच. त्या ताणलेल्या कडेला पट्टी लावली की वाढलेली लांबी कायमची पक्की होते.

यासाठी माप मध्यभागातून घ्यावे. इस्त्री केलेला वरचा थर जमिनीवर न ताणता पसरावा. लांबी एकदा मधोमध आणि दोन्ही बाजूंना कडेपासून काही इंच आत, अशी तीन ठिकाणी मोजून सरासरी काढावी. समजा, ही सरासरी ७२ इंच आली आणि कडेवर मात्र ७३ इंच भरले, तर दोन्ही उभ्या पट्ट्या ७२ इंचांच्याच कापाव्यात. तीन मापांत इंचाहून अधिक तफावत असल्यास आधी ठिगळांचे जोड तपासावेत. काठ ती चूक झाकत नाही.

जास्तीचा एक इंच जिरवण्याचे कामही अवघड नाही. पट्टी आणि कड या दोहोंचे चार-चार समान भाग पाडून खुणा कराव्यात, खुणेला खूण जुळवून टाचण्या लावाव्यात आणि मधला झोळ बोटांनी सारखा करावा. मशीनवर शिवताना सैल थर खाली ठेवावा. मशीनचे दात खालचे कापड किंचित आत ओढतात, त्यामुळे चुण्या न पडता झोळ जिरतो. हाताने शिवणाऱ्यांनी मात्र दोरा खेचू नये, एवढे पुरे.

उभ्या पट्ट्या जोडून, शिवण दाबून झाल्यावरच आडवे माप घ्यावे. मूळ रुंदी ४८ इंच, पट्टी साडेचार इंच आणि शिवणीसाठी पाव इंच धरल्यास वरची व खालची पट्टी ५६ इंचांची लागते. तरीही कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष मापावर विसंबणे श्रेयस्कर. कोपरे तिरपे जोडायचे असतील तर पट्टी दोन्ही टोकांना काठाच्या रुंदीपेक्षा थोडी अधिक वाढवून ठेवावी लागते. नवख्यांसाठी सरळ जोडच बरा.

साडीचा विणलेला काठ या कामी उत्तम. त्याचा ताणा लांबीच्या दिशेने असल्याने तो फारसा ताणला जात नाही. जरीचा काठ देखणा खरा, पण अंगाला टोचतो. नव्या सुती कापडाचा काठ लावायचा असल्यास ते आधी धुऊन वाळवणे अत्यावश्यक आहे. अनेकदा धुतलेली साडी आता आटत नाही; नवे कापड मात्र पहिल्याच धुण्यात आटते आणि मग काठ आखडून मधला भाग फुगतो. गडद लाल कापडाचा रंग जात नाही ना, हे पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून आधीच पाहून घ्यावे.