पाव मैलाचा नियम

अणुगोळा पेट घेण्याच्या बेतात आणायचा असेल, तर माणसानं पाव मैल दूर बसायचं आणि जवळचं काम यंत्रावर सोपवायचं. अमेरिकेत अणुबॉम्ब घडवणाऱ्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत हा नियम १९४६ मध्ये आला. त्याआधी हे काम चक्क हातानं चाले.

खरं तर शहाणपण आधीच सुचलेलं होतं. तिथला भौतिकशास्त्रज्ञ ऑटो फ्रिश एकदा युरेनियमच्या उघड्या रचनेवर नुसता वाकला, तर त्याच्या अंगानंच न्यूट्रॉन परत आत वळवले आणि साखळी-प्रक्रिया भडकू लागली. मोजणीयंत्राचे लुकलुकणारे लाल दिवे सलग पेटलेले दिसताच त्यानं हातानं ठोकळे उडवले, म्हणून वाचला. १९४५ च्या सुरुवातीला त्यानंच युरेनियमचा तुकडा भोकातून आपोआप खाली पडेल अशी सोय केली. तुकडा आरपार जाताना क्षणभरच प्रक्रिया भडके आणि लगेच विझे. झोपलेल्या ड्रॅगनची शेपटी गुदगुल्या करून चाळवण्यासारखंच हे, असं तिथलाच शास्त्रज्ञ फाइनमन म्हणाला. इथे निदान हात मध्ये नव्हता. पुढे हात पुन्हा मध्ये शिरला. घाई होती, सराव होता आणि थोडी मर्दुमकीही असावी.

२१ ऑगस्ट १९४५. जपाननं शरणागती जाहीर करून आठवडाही झाला नव्हता. तिसऱ्या बॉम्बसाठी घडवलेला ६.२ किलोंचा प्लुटोनियमचा गोळा मोकळाच राहिला होता. आकार जेमतेम ९ सेंटिमीटर, वर निकेलचा मुलामा. रात्री जेवण उरकून २४ वर्षांचा शास्त्रज्ञ हॅरी डॅगलियन एकटाच परत कामावर आला. खोलीत त्याच्याशिवाय फक्त एक पहारेकरी होता. डॅगलियन गोळ्याभोवती न्यूट्रॉन परत आत वळवणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या विटा रचत होता. एकेक वीट चार किलोंच्या वर. ही शेवटची वीट ठेवू नकोस, असं मोजणीयंत्र सांगत होतं. तो ती मागे घेत असतानाच वीट सुटून बरोबर मधोमध पडली. रास त्यानं हातानंच मोडली. २५ दिवसांनी तो गेला.

त्याच्या आजारपणात त्याचा सहकारी लुई स्लोटिन त्याच्याजवळ बसत असे. तरी २१ मे १९४६ ला, त्याच गोळ्यावर, स्लोटिन काय करत होता? गोळ्याभोवतीची, न्यूट्रॉन परतवणारी बेरिलियमची वरची वाटी त्यानं भोकात अंगठा घालून धरली होती आणि ती खालच्या वाटीवर पुरती बसू नये म्हणून मध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक! सुरक्षेच्या चकत्या त्यानं काढून टाकल्या होत्या. असंच चालू ठेवलंस तर वर्षभरात मरशील, असं भौतिकशास्त्रज्ञ फर्मीनं त्याला बजावल्याचं सांगतात. टोक निसटलं, वाटी बसली, निळा झोत चमकला. स्लोटिननं झटक्यात वाटी उपटून जमिनीवर फेकली. खोलीत आणखी सात जण होते; ते वाचले, तो नवव्या दिवशी गेला. खांद्यामागून पाहणाऱ्या अल्विन ग्रेव्ह्जला स्लोटिनच्या शरीराचाच आडोसा मिळाला. हाच ग्रेव्ह्ज पुढे अणुचाचण्यांचा प्रमुख झाला.

यानंतर हातानं होणारे प्रयोग बंद झाले आणि पाव मैलावरून चालणारी यंत्रं आली. तो गोळा त्याच उन्हाळ्यात वितळवून त्यातलं प्लुटोनियम दुसऱ्या गोळ्यांसाठी वापरलं गेलं.