चार आणे चौरस फूट

मागच्या महिन्यात शाळेत मुलांच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन ठरलं. नववीतल्या एका मुलाची पाच चित्रं मी निवडली होती. पवई तलाव, पलीकडचे टॉवर आणि त्या टॉवरना दोरीवर लोंबकळत रंग देणारी माणसं. चित्रं घेऊन यायच्या दिवशी मुलगा आलाच नाही, त्याचे वडील आले. मूळचे परभणीकडचे, इथे इमारतींचं रंगकाम करतात. म्हणाले, "मॅडम, आमचं घर रंगावरच चालतं, पण भिंतीच्या रंगावर. चित्राच्या रंगावर कुणाचं चाललंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण वर्गात चौथा तास सुरू झाला होता आणि असं उत्तर दाराशी उभं राहून देता येत नाही.

उत्तर पंढरपुरात सुरू होतं. मकबूल फिदा हुसेन 1915 साली तिथे जन्मले. आई लहानपणीच गेली, वडिलांनी पुढे इंदूरला संसार मांडला. 1930च्या दशकात हुसेन मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या आसपास सिनेमाचे बोर्ड रंगवू लागले. दर चौरस फुटाला चार ते सहा आणे, असं ते स्वतः सांगत. आता मास्तरीण म्हणून हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. सहा बाय दहाचा बोर्ड म्हणजे साठ चौरस फूट. चार आण्यांनी दोनशे चाळीस आणे, म्हणजे पंधरा रुपये. तेही मिळाले तर, कारण एखादा वितरक सोडला तर बाकीचे पैसे बुडवायचे, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. जरा पैसे हातात आले की हुसेन सुरत, बडोदा, अहमदाबाद गाठायचे आणि तिथे निसर्गचित्रं करत बसायचे. पैसे संपले की परत बोर्ड.

1941 साली फझिलाबींशी लग्न झालं. संसाराला ठरलेली रोजी लागते. त्याच वर्षी ते एका फर्निचरच्या दुकानात कामाला लागले. मुलांच्या खोलीतलं सामान आणि लाकडी खेळणी यांचे नमुने करायचे, ती रंगवायची. दिवस दुकानाचा, चित्रांना उरायची ती रात्र. हे एक-दोन महिन्यांचं नव्हतं, वर्षानुवर्षं असंच चाललं. 1947 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचं 'सुनहरा संसार' लागलं आणि त्याला बक्षीस मिळालं, तेव्हा हुसेन बत्तिशीचे होते. लोक म्हणतात, एका प्रदर्शनाने नाव झालं. त्या प्रदर्शनाची तयारी किती वर्षांची होती ते कुणी मोजत नाही.

बोर्ड रंगवण्याचे दिवस वाया गेले असंही कुणी समजू नये. लहान फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि नायिकेचं नाक दोन फुटांचं करायचं. रस्त्यापलीकडून दिसेल अशी रेघ एका दमात मारायची. पुढे लोकांसमोर उभं राहून हुसेन भलामोठा कॅनव्हास बघता बघता भरायचे आणि पाहणारे थक्क व्हायचे. तो हात कुठे तयार झाला होता, हे आता वेगळं सांगायला नको.

दुसरे सय्यद हैदर रझा. त्यांच्याविषयी मला जरा जास्त आपुलकी आहे, कारण ते काही काळ आमच्याच जमातीतले होते. गोंदियाच्या सरकारी हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर! मंडला जिल्ह्यातल्या जंगलखात्यातल्या रेंजरचा हा मुलगा नागपूरच्या कलाशाळेत शिकला. जे.जे. स्कूलसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोहोचेपर्यंत प्रवेश संपले आणि शिष्यवृत्तीही गेली. दुसरा कुणी गोंदियाची गाडी पकडून परत गेला असता. रझांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली. छपाईसाठी ठसे बनवणारं ते ठिकाण. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी मोहन आर्ट क्लबमध्ये माणसं समोर बसवून रेखाटनाचा सराव. रात्री एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याच्या खोलीत पाठ टेकायची. तो आसरा सुटला तेव्हा मालकांनी स्टुडिओतच झोपायला जागा दिली.

जिथे झोपायचं तिथेच चित्र काढायचं, आणि सकाळी दुसरे कामगार यायच्या आत सगळं आवरायचं. मला वाटतं, त्या दिवसांत रझा जलरंगाकडे वळले त्यात या राहणीचाही वाटा असावा. जाड लावलेला तैलरंग सुकायला आठवडे घेतो. ओलं कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवायचं तर स्वतःची भिंत हवी. जलरंगाचं चित्र तासाभरात गुंडाळून काखोटीला मारता येतं. मुंबईचे रस्ते, पावसात भिजलेल्या इमारती, छत्र्यांची गर्दी त्यांनी अशीच टिपली. 1946 साली याच चित्रांच्या बळावर रॅम्पार्ट रोच्या बॉम्बे आर्ट सोसायटी सलोनमध्ये त्यांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. जे.जे.चं शिक्षणही त्यांनी पुढे पूर्ण केलं.

या मुलांना हात दिला तो कुणी? हिटलरच्या भीतीने देश सोडून आलेल्या तिघांनी. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर रविवारी स्वतःचं घर चित्रकारांना मोकळं करत. रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रात त्यांच्यावर लिहीत. इमॅन्युएल श्लेझिंगर चित्रं विकत घेत. बेघर झालेल्यांनी बेघरांना ओळखलं, असं मी वर्गात सांगते. आबालाल रहिमान यांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता. कुराणाच्या सुलेखित प्रती करणाऱ्या घरातला तो चित्रकार कोटीतीर्थाकाठी आपल्या मर्जीने चित्रं काढू शकला. मुंबईत राजा नव्हता. इथे पगार, रविवार आणि तीन परके.

आणि वर्ष 1947. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जमला तो याच वर्षी. सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे. त्यातले आरा पूर्वी लोकांच्या घरी कामाला होते, गाड्या धुवायचे. आपल्याकडे या सहा जणांची गोष्ट सांगताना फाळणी एका वाक्यात उरकतात. रझांसाठी ती घरातली गोष्ट होती. त्याच दोन वर्षांत आई-वडील गेले, भावंडं पाकिस्तानात निघून गेली. रझा मागे राहिले आणि चित्रं काढत राहिले. जुलै 1949 मध्ये मुल्कराज आनंदांनी ग्रुपच्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं, तेव्हा त्या भिंतीवर या माणसाचीही चित्रं होती. आपली मुलं "आपण इथलेच ना?" असं विचारतात तेव्हा मला भाषणापेक्षा ही भिंत आठवते. 1950 साली रझा फ्रान्सला गेले आणि साठ वर्षांनी परत आले. 2016 साली मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. पंढरपूरच्या हुसेन यांना मात्र म्हातारपणी देश सोडावा लागला. 2011 साली ते लंडनमध्ये वारले आणि दफनही तिकडेच झालं. त्या वादावर मी आधी लिहिलंय, इथे पुन्हा नको. घरात तस्वीर लावावी की नाही, याच्यावरही आज नाही.

गेल्या शनिवारी पालकसभेनंतर त्या मुलाच्या वडिलांना थांबवून घेतलं आणि यातलं बरंचसं सांगितलं. रझांच्या मास्तरकीला त्यांनी मान डोलावली, एवढंच. पण चार आणे चौरस फूट म्हटल्यावर मोबाइल खिशात ठेवला.

"साठ फुटांचे पंधरा," त्यांनी बोटांवर हिशेब केला. "रंग कुणाचा, त्याचा की मालकाचा? आणि शिडी धरायला एक माणूस लागतो मॅडम. त्याला काय देत असतील?"

मग प्रदर्शन कोणत्या भिंतीवर आहे ते विचारून ते ती भिंत बघायला गेले. हात फिरवून म्हणाले, ओल आहे, इथे कागद धरणार नाही, दुसरीकडे लावा.