उन्हाळी, एक गोळी आणि मार्च २०१० चा इशारा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी गप्पा तशाच.)

आज ज्या त्रासाबद्दल बोलायचंय, तो चारचौघांत कुणी बोलत नाही. लघवीला जळजळ. आपल्या आज्या याला 'उन्हाळी लागली' म्हणायच्या. उपाय ठरलेला: सब्जा, धण्याचं पाणी, वाळ्याचं पाणी आणि भरपूर ताक. आता आपण म्हणतो 'युरिन इन्फेक्शन', आणि उपाय म्हणजे मेडिकलमधून आणलेली एक स्ट्रिप. बाळकुम नाक्यावर काय किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर काय, "दादा, मागच्या वेळी दिलेली तीच द्या" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल.

आजचा प्रश्न एवढाच: मागच्या वेळची ती गोळी या वेळी का लागू पडत नाही?

बरेच जण म्हणतात, "माझ्या शरीराला औषधाची सवय झाली." तसं नाहीये. शरीराला काहीही झालेलं नाही. जे काही शिकलेत ते जंतू. आणि ते कसे शिकले याचा इतिहास बराच जुना आहे. त्यात आपली मुंबई आहे, पिंपरी आहे आणि आपला कोलशेत रोडही आहे.

आधी खलनायक

१८८५ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन डॉक्टर थिओडोर एशेरिश यांनी तान्ह्या बाळांच्या शीमधून एक जंतू शोधला. त्यांच्याच नावावरून आज आपण त्याला इ. कोलाय म्हणतो. हा आपल्या आतड्यात राहतो आणि बहुतेक वेळा गुण्यागोविंदानं राहतो. पण मूत्रमार्गात शिरला की त्रास सुरू. लघवीच्या संसर्गामागे सगळ्यात जास्त वेळा हाच असतो. त्याचा जोडीदार म्हणजे क्लेबसिएला. ही दोन नावं लक्षात ठेवा.

आता एक भन्नाट तारीख. डिसेंबर १९४०. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी जाहीर केलं की काही जंतू पेनिसिलीनचे तुकडे करणारं एन्झाइम बनवतात. ते त्यांना सापडलं याच इ. कोलाय जंतूत. आणि ऑक्सफर्डच्या या टीमनं पहिल्या आजारी माणसाला पेनिसिलीन टोचलं ते फेब्रुवारी १९४१ मध्ये! म्हणजे औषध पेशंटपर्यंत पोचायच्या आधीच जंतूकडे कात्री तयार होती. ही कात्री आपण बनवली नाही. ती निसर्गात आधीपासूनच होती. आपण फक्त तिला भरपूर काम दिलं.

पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये आणखी एक गोष्ट कळली. हगवणीचे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते, आणि ही ताकद ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देत होते. कशी? प्लास्मिड नावाचं डीएनएचं छोटं गोल वेटोळं असतं, ते एक जंतू दुसऱ्याला देतो. व्हॉट्सअॅप फॉरवर्डच समजा. ओळख नाही, पाळख नाही, तरी मेसेज पोचतो. क्लेबसिएलाकडची कात्री इ. कोलायकडे जाते ती अशी.

पिंपरी ते कोलशेत रोड

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात अँटिबायोटिक म्हणजे परदेशातून येणारी महाग वस्तू. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं सरकारनं पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. साल १९५४. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक ओळख जिथून सुरू झाली, त्यातला हा एक मोठा कारखाना. पेनिसिलीन इथे बनायला लागलं. आज आपण अँटिबायोटिकच्या नावानं बोटं मोडतो, पण त्या काळी न्यूमोनियानं किंवा बाळंतपणानंतरच्या तापानं माणसं जायची. ही औषधं आली म्हणून आपल्यातल्या कित्येकांचे आजी-आजोबा जगले.

लघवीच्या संसर्गासाठी मात्र वेगळी औषधं आली. १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन. १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक अॅसिड, आणि हे सापडलं मलेरियाचं औषध क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून. त्याच घराण्यातली पुढची पिढी म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन आणि मग सिप्रोफ्लॉक्सासिन. सिप्रो शोधलं जर्मन कंपनी बायरनं. १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

बायर हे नाव ठाणेकरांना नवीन नाही. बाळकुमहून कोलशेतकडे जाताना जिथे आज टॉवर दिसतात, त्या पट्ट्यात एकेकाळी बायर आणि सँडोझचे कारखाने होते. जुनी माणसं आजही बसस्टॉपचा पत्ता या नावांनी सांगतात.

भारतात सिप्रो घरोघरी पोचलं ते मात्र वेगळ्या कारणानं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंटच नव्हतं, होतं ते फक्त बनवायच्या पद्धतीला. त्यामुळे देशी कंपन्या वेगळ्या पद्धतीनं तेच औषध स्वस्तात बनवू शकल्या. गरिबाला चांगलं औषध परवडलं, ही मोठी गोष्ट होती. पण स्वस्त औषध, चिठ्ठीशिवाय विक्री आणि तपासणीचा कंटाळा हे तिन्ही एकत्र आलं. जुलाब झाले, सिप्रो. ताप आला, सिप्रो. जळजळ झाली, तरी तेच. प्रत्येक वेळी आतड्यातले साधे जंतू मेले आणि ज्यांच्यात औषध चुकवणारा बदल झाला होता, तेवढे उरले. उरले तेच वाढले.

एका लघवीच्या नमुन्याची गोष्ट

आता कथेतला कलाटणीचा क्षण. जानेवारी २००८. स्वीडनमध्ये राहणारे भारतीय वंशाचे एक गृहस्थ भारतात रुग्णालयात उपचार घेऊन परतले. तिथे त्यांची लघवी तपासली. त्यात क्लेबसिएला सापडला, आणि तो कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही दाद देईना. कार्बापेनेम म्हणजे डॉक्टरांनी जपून ठेवलेला जवळजवळ शेवटचा बाण. या जंतूकडे एक नवीच कात्री होती. डिसेंबर २००९ मध्ये तिचं नाव छापून आलं: न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजेच एनडीएम-१. त्याच पेशंटच्या आतड्यातल्या इ. कोलायमध्येही ती सापडली. फॉरवर्ड पोचला होता.

इथे मुंबई येते, आणि हा भाग फार कमी लोकांना माहीत आहे. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळातले कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू तपासले. त्यातल्या २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ होतं. चार महिने, एक हॉस्पिटल, २४ पैकी २२! हे मार्च २०१० मध्ये आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या मासिकात, असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या जर्नलमध्ये छापून आलं.

मग काय झालं? फारसं काहीच नाही.

गदारोळ झाला तो पाच महिन्यांनी. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या ब्रिटिश मासिकात चेन्नई, हरियाणा, ब्रिटन आणि पाकिस्तानातले नमुने घेऊन मोठा अभ्यास आला. त्यात उपचारासाठी भारतात येणाऱ्यांना सावध करणारा सूर होता. झालं! संसदेत आवाज उठला, टीव्हीवर चर्चा रंगल्या. हा भारताच्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा डाव आहे, आमच्या राजधानीचं नाव का दिलं, वगैरे.

राग अगदीच निराधार होता असं मी म्हणणार नाही. शहराचं नाव चिकटलं की बदनामी होतेच. जानेवारी २०११ मध्ये लॅन्सेटच्या संपादकांनीही नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पण अशा एन्झाइमना गावांची नावं द्यायची पद्धत जुनीच होती. इटलीतल्या वेरोनाच्या नावानं एक आहे, ब्राझीलच्या साओ पाउलोच्या नावानं एक. आपण भांडलो ते नावावर. मुंबईतल्या डॉक्टरांनी जे आकड्यांत मांडलं होतं, ते मात्र बाजूला राहिलं. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला: नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या, पाझरलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये एनडीएम-१ चं जनुक. म्हणजे गोष्ट हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर गेली होती. आणि पाणी काही कुठलं पेटंट किंवा पासपोर्ट बघत नाही.

मग नियम आले

हळूहळू सरकार हललं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. त्यातल्या औषधांसाठी केमिस्टनं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि पेशंटची नोंद ठेवायची. पाकिटावरची लाल रेघ तुम्ही पाहिली असेल, तिचा अर्थ 'चिठ्ठीशिवाय नाही'. २०१३ पासून आयसीएमआरचं जंतूंवर नजर ठेवणारं जाळं आहे. त्यांच्या अहवालांत वर्षानुवर्षं तेच दिसतंय: मोठ्या हॉस्पिटलांत सापडणाऱ्या बहुतांश इ. कोलायवर सिप्रो आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन चालत नाहीत. हे मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे जास्त अवघड पेशंटचे आकडे आहेत हे खरं. पण दिशा स्पष्ट आहे.

आणि गंमत बघा. मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर आज डॉक्टर पुन्हा कुठलं औषध लिहितात? १९५३ चं नायट्रोफ्युरँटॉइन! ते जंतूवर एकाच ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी घाव घालतं, आणि मुख्यतः लघवीतच जमा होतं. शिवाय मधली बरीच वर्षं ते मागे पडलं होतं. वापर कमी, म्हणून धार शिल्लक. किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गाला मात्र ते चालत नाही, म्हणून हेही स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही.

तुमच्या हातात काय आहे?

पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर करायला द्या. आधी गोळी आणि मग नमुना असं केलं तर रिपोर्टमध्ये जंतू दिसतच नाही. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो, त्यात औषधांच्या नावापुढे 'एस' म्हणजे चालेल आणि 'आर' म्हणजे जंतू दाद देणार नाही. थंडी-ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या असतील किंवा बाई गरोदर असेल, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उरलेली स्ट्रिप शेजारच्या काकूंना देऊ नका. आणि आजीचं धण्याचं पाणी? खुशाल प्या, पाणी पोटात जाणं चांगलंच. फक्त ताप असताना त्याच्यावर विसंबू नका.

१९४५ मध्ये नोबेल घेताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सांगितलं होतं की दुकानात कुणालाही पेनिसिलीन मिळायला लागलं तर लोक कमी डोस घेतील आणि जंतूंना तयार करतील. मार्च २०१० मध्ये माहीमच्या डॉक्टरांनी तेच वेगळ्या भाषेत, आकड्यांत सांगितलं. इशारा परदेशी मासिकात छापून येईपर्यंत थांबायची सवय आपल्याला महागात पडली. पुढचा इशारा कदाचित तुमच्याच पॅथॉलॉजी लॅबच्या पीडीएफमध्ये असेल. तो उघडून वाचा, आणि औषध घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

आजच्यापुरतं इतकंच. "तीच गोळी द्या" म्हणणारं कुणी घरात असेल, तर त्यांना हा भाग नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!