ब्रेक कशासाठी असतो?

विल्यम कोली १८९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सर्जन होता. वय अठ्ठावीस, म्हणजे साधारण माझ्याएवढंच. त्याच्याकडे बेसी डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी आली. हाताला सार्कोमा झाला होता. हात कापला, तरी जानेवारी १८९१ मध्ये ती गेली.

कोली अस्वस्थ झाला. आम्ही सिस्टीम बंद पडली की जुने लॉग उपसतो, तसे त्याने हॉस्पिटलचे जुने कागद उपसले. त्यात एक स्टाइन सापडला. त्याच्या मानेवरची गाठ शस्त्रक्रिया करूनही पुन्हा येत होती. मग त्याला एरिसिपेलस हा त्वचेचा संसर्ग झाला, सणकून ताप आला आणि गाठ विरघळली. कोलीने वस्त्या पालथ्या घालून त्याला शोधून काढलं. सात वर्षं झाली होती, माणूस ठणठणीत होता.

मग कोली कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचू लागला. जिवंत जिवाणूंनी काहींचा जीव गेला, म्हणून पुढे मेलेले वापरले. काहींच्या गाठी खरंच गेल्या. पण कुणाला गुण येईल, कुणाला नाही, हे सांगता येत नव्हतं. रेडिएशन आलं आणि ही पद्धत मागे पडली.

कोलीचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडते, तर तिला चेतवायचं. पण गाडीला ब्रेकही असतात, हे कळायला १९९० चं दशक उजाडलं.

आपल्या टी पेशींवर सीटीएलए-४ नावाचं एक प्रथिन असतं. हे प्रथिन नसलेले उंदीर १९९५ मध्ये अभ्यासले गेले. ते तीन-चार आठवड्यांतच मेले. त्यांच्याच टी पेशी हृदयासकट अवयवांत घुसल्या होत्या. म्हणजे हा ब्रेक होता, आणि तो असतो म्हणून आपण जगतो.

बर्कलीत जेम्स अ‍ॅलिसनने उलटा विचार केला. गाठ असलेल्या उंदरांमध्ये हाच ब्रेक थोडा वेळ अडवला तर? १९९६ मध्ये निकाल छापून आला. गाठी नाहीशा झाल्या होत्या. क्योटोत तासुकु होंजोच्या प्रयोगशाळेला पीडी-१ हा दुसरा ब्रेक सापडला होता. २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं.

२०११ मध्ये अमेरिकेत असं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, मंजूर झालं. पसरलेला मेलॅनोमा असलेले काही रुग्ण त्यावर वर्षानुवर्षं जगले. काहींच्या मात्र आतड्यांवर, थायरॉइडवर, यकृतावर स्वतःच्याच पेशी तुटून पडल्या. त्रास वाढला की डॉक्टर स्टेरॉइड देऊन तीच प्रतिकारशक्ती पुन्हा दाबतात. एका औषधाने ब्रेक सोडायचा, दुसऱ्याने दाबायचा.

माझ्या मावशीला रुमॅटॉइड संधिवात आहे. तिच्या सांध्यांवर तिचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. ती आवरायला मावशी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र रोज ‘इम्युनिटी वाढवा’चे मेसेज पडतात, आणि लोक प्रेमाने तिलाच टॅग करतात. कुणी तरी काढा पाठवतं, कुणी पावडर.

परवा मावशीने विचारलं, “अरे, हे घेऊ का?” मी तिला बेसीपासून उंदरांपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “तुझ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. तुला वाढवायची नाहीये, आवरायची आहे.”