वाखरी ते पंढरपूर : वारीच्या अखेरच्या मजलेचा ऐतिहासिक विचार

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालून पंढरपुरास पोहोचते. या वाटेवरील लहान मजलांत वाखरी ते पंढरपूर ही अखेरची मजल मोडते. अंतर अवघे सहा-सात किलोमीटरांचे. एकटा मनुष्य ते दीड तासात सहज चालून जाईल. तथापि दशमीस दुपारनंतर वाखरी सोडलेली पालखी नगरात येईपर्यंत रात्र होते. या विलंबाचे कारण केवळ गर्दीत शोधल्यास वारीच्या इतिहासाचा एक दुवा हातचा निसटतो.

वाखरीस निरनिराळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. नामदेवांची पालखी पंढरपुरातून त्यांना सामोरी येते. कारण नामदेव हे पंढरीचे रहिवासी, म्हणून यजमान. त्यानंतर पालख्या ठरलेल्या क्रमाने मार्गस्थ होतात. तुकोबांची पालखी शेवटून दुसरी असते आणि ज्ञानेश्वरांची सर्वांच्या मागे. येथे मान पुढे जाण्यात नसून इतरांना वाट देऊन थांबण्यात आहे. ही मजल वेळ घेते ती चालण्यासाठी नव्हे, तर हा क्रम पाळण्यासाठी.

हा क्रम संतांच्या काळापासून चालत आला असावा, असा भाविकांचा सहज समज होतो. वस्तुतः वारी पालखीहून कितीतरी जुनी आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून, आळंदीस ज्ञानेश्वरांच्या पादुका सोबत घेऊन, पंढरपुरास नेण्याचा प्रघात पाडला, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतरावबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्र केला. हैबतबाबा पूर्वी शिंद्यांच्या पदरी होते, आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे व तंबू यांची सोय करून दिली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, उरलेल्या रथामागे, प्रत्येकीचे स्थान निश्चित, चोपदाराचा दंड उंचावताच सर्वत्र शांतता, ही रचना पाहता लष्करी छावणीच्या शिस्तीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र या शिस्तीस तक्रारीचे वावडे नाही. सायंकाळच्या समाजआरतीच्या वेळी ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, ती इतर सर्व टाळ थांबले तरी आपले टाळ वाजवीत राहते. तिचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. तात्पर्य, आज अनादी वाटणारी ही व्यवस्था माणसांनी घडविली, आणि संमतीने टिकविली.

माणसांनीच घडविल्यामुळे समाजातील भेदही तिच्यात उतरले. इरावती कर्वे यांनी १९६२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठे दिवसभर सोबत चालूनही पंगतीस वेगळे बसत, हे खेदाने नमूद केले आहे. या मजलेच्या शेवटी तर हा भेद दगडात कोरल्यासारखा दिसे. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. परंतु ज्या समाजात चोखोबा जन्मले, त्या समाजातील वारकऱ्यास वाखरीहून नामघोषात आल्यावरही या द्वाराबाहेरच थांबावे लागे. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, ते दहा दिवस चालले, आणि मग मंदिर सर्वांना खुले झाले.

यावरून वारीतील समता खोटी ठरत नाही. मात्र तिची मर्यादा कळते. वाटेवर थांबून इतरांस पुढे जाऊ देणे वारकरी समाजास शतकानुशतके अवगत होते. द्वारापाशी थांबविलेल्यास आत घेण्यास १९४७ साल उजाडावे लागले. अभ्यासकाने ही मजल चालताना वाखरीचे मैदान आणि महाद्वार या दोन्ही टोकांवर सारखेच लक्ष ठेवावे. केवळ पहिले पाहणाऱ्यास वारी म्हणजे निर्भेळ समता वाटेल, केवळ दुसरे पाहणाऱ्यास निव्वळ दंभ. तिचा इतिहास या दोहोंमधील सहा-सात किलोमीटरांत आहे.