काम नंतर सापडलेली झडप

बहुतेक प्रथिनं आधी कामावरून कळतात, मग नावानं. जीवाणूच्या पटलातल्या एमएससीएल या वाहिनीचं उलटं झालं. आधी तिच्यातून वाहणारा विद्युतप्रवाह सापडला, मग प्रथिन, मग जनुक. ती असते कशाला, हे सगळ्यात शेवटी.

तशी त्या कामाची नोंद १९६२ सालीच झाली होती. खारट द्रवात वाढलेले ई. कोलाय जीवाणू एकदम पातळ द्रवात टाकले की पाणी आत घुसतं आणि पेशी फुगते. अशा वेळी साठवलेली अमिनो आम्लं भसकन बाहेर पडतात, जीवाणू मात्र मरत नाही, असं रॉय ब्रिटन आणि फ्रँक मॅक्लूर यांनी लिहून ठेवलं. आम्लं कुठल्या वाटेनं गेली, हा प्रश्न मग पंचवीस वर्षं तसाच राहिला.

वाट सापडली ती दुसऱ्याच खटाटोपात. विस्कॉन्सिन विद्यापीठात चिंग कुंग पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या पटलातल्या वाहिन्या अभ्यासत होते, ज्युलियस ॲडलर जीवाणूंचं पोहणं. काचेच्या सूक्ष्म नळीचं तोंड पटलाला चिकटवून एकेका वाहिनीचा प्रवाह मोजायचं पॅच क्लॅम्प तंत्र तोवर रुळलं होतं. पण नळीचं तोंड साधारण मायक्रॉनभर आणि जीवाणूची जाडीही तेवढीच! यावरची युक्ती मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी वाटते. सेफालेक्सिन हे प्रतिजैविक दिलं की जीवाणू वाढत राहतो, पण दुभंगत नाही. त्याचा लांबलचक धागा होतो. मग लायसोझाइम या विकरानं पेशीभित्तिका खाऊन टाकली की तो धागा फुगून सहाएक मायक्रॉनचा गोळा बनतो. बोरिस मार्टिनाक यांनी अशा गोळ्याला नळी लावून हलकेच शोषलं आणि प्रवाहानं उडी घेतली. हे १९८७ साल. तेव्हा दिसली ती धाकटी वाहिनी, एमएससीएस. थोरली एमएससीएल मागाहून, अधिक जोर लावल्यावर कळली.

१९९० साली याच गटानं दाखवलं की पटलात घुसणारी काही रसायनं टाकली तरी वाहिनी उघडते. म्हणजे ताण तिला पटलातल्या मेदाकडूनच कळत होता. त्यामुळे १९९४ साली सर्गेई सुखारेव आणि सहकाऱ्यांना एक चिवट मार्ग घेता आला. त्यांनी पटलातली प्रथिनं वेगवेगळी केली, प्रत्येक हिस्सा कृत्रिम मेदपुटिकांत बसवला आणि प्रत्येकाला नळी लावून पाहिली. हाती लागलं अवघ्या १३६ अमिनो आम्लांचं प्रथिन. मग त्याचं जनुक काढून टाकलं, तर जीवाणूला काहीच झालं नाही!

१९९८ साली कॅलिफोर्नियात डग्लस रीस यांच्या प्रयोगशाळेनं क्षयाच्या जीवाणूतल्या एमएससीएलची रचना उलगडली: पाच सारख्या घटकांचं कडं. रचना कळली, उपयोग अजून नाहीच. कोडं सुटलं १९९९ मध्ये. ॲबर्डीनला इयन बूथ यांच्या गटानं एमएससीएसचं जनुक ओळखलं आणि दोन्ही जनुकं एकदम काढली. आता मात्र पातळ द्रवात जाताच जीवाणू फुटू लागले. एक नसली तर दुसरी सांभाळून घेत होती. एमएससीएल हा धरणाचा शेवटचा सांडवा. पटल फाटायच्या बेतात आलं की तो उघडतो आणि तीनएक नॅनोमीटरच्या छिद्रातून आतला ऐवजही वाहू देतो.

माणसानं पुढे शोधलेले तिचे बरेच उपयोग मात्र एका जागेभोवती फिरतात: साखळीतलं बाविसावं अमिनो आम्ल, ग्लायसिन. ते छिद्राच्या सर्वांत अरुंद भागात बसतं. तिथली जागा पाण्यापासून फटकून असते, म्हणून दार घट्ट मिटून राहतं. तिथे पाण्याशी सलगी करणारं काही ठेवलं की ते सैल होतं. २००५ मध्ये ग्रोनिंगेनला आर्मागान कोचेर, बेन फेरिंगा आणि सहकाऱ्यांनी तिथे सिस्टीन घालून त्याला प्रकाशानं बदलणारा रेणू जोडला. अतिनील प्रकाशात वाहिनी उघडली, दृश्य प्रकाशात मिटली, तीही ताणाविना. औषध नेमक्या जागी सोडणाऱ्या पुटिकांसाठी ही झडप हवी होती.

२०२३ साली पॅरिसच्या गटानं त्याच जागी सेरीन असलेली, म्हणून अधिक सैल एमएससीएल विषाणूवाहकामार्फत उंदीरवर्गी प्राण्यांच्या दृष्टीशी संबंधित मेंदूभागात पोचवली आणि १५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडल्या. चेतापेशी उद्दीपित झाल्या, आणि प्राण्यांनी उजेड दिसल्यावर देतात तसा प्रतिसाद दिला. दृष्टिपटल आणि दृष्टिचेता निकामी झालेल्यांना थेट मेंदूतून काही दाखवता येईल का, यासाठी हा खटाटोप आहे.